गाठ काढली, केमो झाली; मग किरणोपचार कशासाठी, आणि त्या दिवसांत नेमके काय होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४२, डाव्या स्तनात सव्वादोन सेंटिमीटरची गाठ. स्तन राखून गाठ काढली, कडा स्वच्छ आल्या, पण काखेतून काढलेल्या तीन लसिकाग्रंथींपैकी एकीत कर्करोगाच्या पेशी सापडल्या. केमोथेरपी तीन आठवड्यांपूर्वी संपली. आता १५ दिवस किरणोपचार आणि त्यानंतर ५ दिवस ‘बूस्ट’ असे सांगितले आहे. सगळे काढून झाले असेल तर हे कशासाठी, मावसबहिणीला काही वर्षांपूर्वी २५ दिवस दिले होते मग मला कमी का, डावी बाजू असल्यामुळे हृदयाचे काय, कातडी भाजते का, आणि घरातल्या तीन वर्षांच्या मुलाला जवळ घेता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

ताई, मी गेली बावीस वर्षे किरणोपचारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे आणि हे पाचही प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारते. तुमची फाइल माझ्यासमोर नाही, त्यामुळे जिथे तुमच्या डॉक्टरांचे म्हणणे माझ्याहून वेगळे पडेल तिथे त्यांचेच ऐकावे. मात्र या उपचाराची घडण सगळीकडे सारखीच असते, आणि ती नीट समजली की भीतीचा बराचसा भाग आपोआप कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. ‘कडा स्वच्छ आहेत’ याचा अर्थ असा, की काढलेल्या तुकड्याच्या बाहेरच्या कडेला शाई लावून त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि शाईला टेकलेली एकही कर्करोगाची पेशी दिसली नाही. हा अहवाल बाहेर काढलेल्या तुकड्याचा आहे. जो स्तन तुमच्या शरीरावर राहिला आहे, त्याच्या आत सूक्ष्मदर्शक घेऊन कोणीही पाहिलेले नाही आणि पाहताही येत नाही. मॅमोग्राम, सोनोग्राफी, एमआरआय किंवा पेट स्कॅन यांपैकी कोणतीही तपासणी चारदोन पेशी दाखवू शकत नाही. एक मिलिमीटरच्या ठिपक्यातसुद्धा पेशींची संख्या लाखाच्या घरात असते आणि तोही ठिपका स्कॅनच्या नजरेतून सहज सुटतो. किरणोपचार आहेत ते या न दिसणाऱ्या पेशींसाठी.

हे केवळ तर्काने ठरवलेले नाही. बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत १९७६ मध्ये एक मोठी चाचणी सुरू झाली. तिच्यात काही स्त्रियांचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ काढली, आणि काहींची गाठ काढून वर किरणोपचार दिले. तिचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिन्ही गटांतील स्त्रियांचे आयुर्मान सारखेच होते, म्हणजे स्तन राखल्यामुळे जिवाला जास्त धोका झाला नाही; परंतु फक्त गाठ काढलेल्यांपैकी ३९.२ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात कर्करोग परत आला, तर किरणोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण १४.३ टक्के राहिले. पुढे २०११ मध्ये १७ चाचण्यांमधील १०,८०१ स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. दहा वर्षांत आजार कोणत्याही रूपाने परतण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांवरून १९.३ टक्क्यांवर आले होते आणि १५ वर्षांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २५.२ टक्क्यांवरून २१.४ टक्क्यांवर आले होते. या स्त्रियांवर उपचार झाले तो काळ जुना होता. आजच्या औषधांमुळे हे सगळेच आकडे खाली आले आहेत, पण किरणोपचारांनी धोका साधारण निम्म्यावर येतो हा त्यातला गाभा टिकून आहे.

केमोथेरपी रक्तावाटे सगळीकडे पोहोचते, मग ती पुरेशी का नाही, असेही बऱ्याच जणी विचारतात. शस्त्रक्रियेच्या जागेभोवती व्रण तयार होतो, तिथला रक्तपुरवठा बदललेला असतो, आणि काही पेशी औषधाला दाद देत नाहीत. स्थानिक धोका केमोने कमी होतो, पण तो किरणोपचारांची जागा घेण्याइतका कमी होत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. किरणोपचार प्रत्येकीलाच द्यावे लागतात असे नाही. वय ६५ किंवा ७० च्या पुढे असेल, गाठ लहान असेल, लसिकाग्रंथी स्वच्छ असतील आणि हार्मोनच्या गोळ्या नियमित घेण्याची तयारी असेल, तर ते टाळण्याचा विचार करता येतो. अशा ६५ वर्षांपुढील स्त्रियांच्या एका चाचणीत १० वर्षांत त्याच स्तनात आजार परतण्याचे प्रमाण किरणोपचार न घेणाऱ्यांत ९.५ टक्के, तर घेणाऱ्यांत ०.९ टक्का होते आणि आयुर्मानात फरक नव्हता. तिथे ‘नको’ म्हणणे हाही समंजस निर्णय असू शकतो. तुमचे वय ४२ आहे आणि एका ग्रंथीत पेशी सापडल्या आहेत, त्यामुळे ही सवलत तुम्हाला लागू होत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीचा असा अहवाल आला असता तर मी तिला एकही दिवस न दवडता हे उपचार घ्यायला लावले असते.

आता १५ की २५. तुम्हाला कमी उपचार दिले जात आहेत असे मनात आणू नका. पूर्वीची रूढ पद्धत म्हणजे रोज २ ग्रे याप्रमाणे २५ दिवसांत ५० ग्रे. ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक आहे. रोजची मात्रा लहान ठेवली तर निरोगी उती सुरक्षित राहतात आणि कर्करोगाच्या पेशी तेवढ्याच मरतात, असे तेव्हा मानले जाई. बऱ्याच कर्करोगांत ते खरेही आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मात्र रोजच्या मात्रेच्या आकाराला जवळजवळ निरोगी उतींइतक्याच संवेदनशील निघाल्या, त्यामुळे मात्रा बारीक वाटून देण्याचा फायदा फारसा उरत नाही. ब्रिटनमध्ये २,२१५ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत १५ दिवसांत ४० ग्रे आणि २५ दिवसांत ५० ग्रे यांची तुलना झाली. दहा वर्षांनंतर स्तनात किंवा आसपासच्या ग्रंथींत आजार परतण्याचे प्रमाण १५ दिवसांच्या गटात ४.३ टक्के आणि २५ दिवसांच्या गटात ५.५ टक्के होते, म्हणजे कमी दिवस घेणाऱ्या कुठेही मागे पडल्या नाहीत. उलट स्तन आक्रसणे, सूज राहणे, कातडीवर बारीक लाल रक्तवाहिन्या दिसणे हे त्यांच्यात कमी आढळले. कॅनडातील १६ दिवसांच्या पद्धतीचाही निष्कर्ष याच दिशेचा होता. २०२० मध्ये तर एका आठवड्यात फक्त ५ वेळा मिळून २६ ग्रे देण्याच्या पद्धतीचे पाच वर्षांचे निकाल आले आणि निवडक रुग्णांसाठी अनेक केंद्रे ती वापरू लागली. तुमच्या मावसबहिणीला दिलेले उपचार त्या वेळच्या रीतीप्रमाणे योग्यच होते, आणि तुम्हाला दिले जाणारे उपचार आजच्या रीतीप्रमाणे योग्य आहेत.

शेवटचे पाच दिवस जो बूस्ट आहे तो संपूर्ण स्तनाला नसतो. गाठ होती ती जागा आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग एवढ्यालाच तो दिला जातो, कारण आजार परतला तर तो बहुधा त्याच जागेच्या आसपास परततो. शस्त्रक्रियेच्या वेळी त्या पोकळीत धातूच्या बारीक क्लिपा सोडलेल्या असतील तर ही जागा स्कॅनवर नेमकी सापडते. वय जितके कमी तितका बूस्टचा उपयोग जास्त, हे युरोपातील एका मोठ्या चाचणीच्या २० वर्षांच्या पाठपुराव्यात दिसले आहे. पन्नाशीच्या आतील रुग्णाला आम्ही तो सहसा वगळत नाही.

उपचार सुरू होण्यापूर्वी प्लॅनिंगचा एक दिवस असतो आणि माझ्या मते सगळ्या उपचारांतला तोच सर्वांत मोलाचा दिवस आहे, कारण त्या दिवशी जे ठरते तेच पुढे वीस दिवस जसेच्या तसे केले जाते. तुम्हाला एका उतरत्या पाटावर झोपवतात. त्याला ब्रेस्ट बोर्ड म्हणतात. दोन्ही हात डोक्याच्या वर आधारावर ठेवायचे असतात. शस्त्रक्रियेच्या व्रणावर आणि स्तनाच्या कडेने बारीक तार चिकटवतात, म्हणजे सीटी स्कॅनमध्ये त्या रेषा उठून दिसतात. भिंतींतून आणि छतातून लेझरच्या रेषा अंगावर पडतात. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे पेनाने खुणा करतात किंवा सुईच्या टोकाने तिळाएवढे निळे ठिपके गोंदतात. हे ठिपके कायमचे राहतात. नको असतील तर आधी सांगा, कारण काही ठिकाणी पेनाच्या खुणांवर पारदर्शक चिकटपट्टी लावून किंवा त्वचेचा पृष्ठभाग कॅमेऱ्याने वाचूनही काम भागवता येते.

स्कॅन झाल्यावर तुम्ही घरी जाता आणि आमचे काम सुरू होते. प्रत्येक कापावर स्तन, ग्रंथींचा भाग, हृदय, हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणारी रक्तवाहिनी, दोन्ही फुप्फुसे आणि दुसरा स्तन यांच्या सीमा आखल्या जातात. भौतिकतज्ज्ञ किरणांचे कोन आणि मात्रा बसवतात, त्या मात्रेची स्वतंत्र पडताळणी होते, आणि मग डॉक्टर सही करतात. यात काही दिवस ते दोन आठवडे जातात. ‘मला विसरले की काय’ असे त्या दिवसांत वाटते, पण तो वेळ यासाठी लागतो.

एक काम मात्र तुम्ही आजच सुरू करा. काखेच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा आखडतो आणि हात डोक्यावर नेऊन पंधरा मिनिटे स्थिर ठेवणे अनेकींना जमत नाही. हात पुरेसा वर गेला नाही तर प्लॅनिंग पुढे ढकलावे लागते, किंवा अवघडलेल्या स्थितीत केलेले प्लॅनिंग रोज तंतोतंत जुळत नाही. पाठीवर झोपून दोन्ही हात डोक्याच्या मागे उशीवर टेकवायचे, सुरुवातीला दोन मिनिटे, मग पाच, मग पंधरा, असे दिवसातून तीन वेळा करा. काखेतून कोपराकडे दोरीसारखी ताणलेली शीर लागत असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. ती व्यायामाने आणि हलक्या हाताने केलेल्या मालिशने सुटते.

उपचाराच्या दिवशी काय होते ते आता सांगते. अंगावरचे वरचे कपडे काढून गाऊन घालायचा आणि टेबलावर त्याच स्थितीत झोपायचे. दोन तंत्रज्ञ दोन बाजूंना उभे राहून तुम्हाला मिलिमीटर-मिलिमीटरने सरकवतात. नवीन रुग्णाची एक चूक इथे ठरलेली असते. तंत्रज्ञाने कमरेखालची चादर जराशी ओढली, की ती मदत म्हणून स्वतःही सरकते, आणि लेझरची रेषा ठिपक्यावरून पुढे निघून जाते. म्हणून आमच्याकडचे सगळे सारखे म्हणत असतात, ‘तुम्ही काही करू नका, अंग सैल सोडा, आम्ही हलवतो.’ तेवढे एक जमले की काम निम्म्या वेळात होते. मग सगळे बाहेर जातात, जाड दरवाजा बंद होतो, यंत्र तुमच्याभोवती फिरते आणि काही सेकंदांचे गुणगुणल्यासारखे आवाज ऐकू येतात. कॅमेऱ्यातून तुम्ही त्यांना दिसत असता आणि तुमचा आवाज त्यांना ऐकू जात असतो. खोकला आला किंवा भीती वाटली तर बोला, यंत्र तत्काळ थांबवता येते. दरवाजा लागल्यापासून उघडेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे लागतात. प्रत्यक्ष किरण चालू असतात ते त्यांतली दोन-तीन मिनिटे. त्या वेळी काहीही जाणवत नाही.

पुष्कळ स्त्रिया या उपचाराला ‘शेक’ म्हणतात आणि मला वाटते भाजण्याची निम्मी भीती त्या शब्दातून आली आहे. यात उष्णता नसते. एका दिवसाच्या मात्रेने उतीचे तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकेही वाढत नाही. हे उच्च ऊर्जेचे क्ष-किरण पेशीच्या केंद्रातल्या डीएनएचे धागे तोडतात. निरोगी पेशी पुढच्या काही तासांत बरीचशी दुरुस्ती करून घेते, कर्करोगाच्या पेशीला ती नीट जमत नाही आणि विभागायला जाताना ती मरते. दोन दिवसांच्या उपचारांमध्ये अंतर ठेवतात ते या दुरुस्तीसाठी, आणि आठवड्याअखेरची सुट्टीही त्यात उपयोगी पडते.

हृदयाची काळजी करणे योग्य आहे आणि आम्हीही ती करतो. २०१३ मध्ये डेन्मार्क आणि स्वीडनमधील स्त्रियांच्या अभ्यासातून असे दिसले, की हृदयाला मिळणाऱ्या सरासरी मात्रेत प्रत्येकी १ ग्रे वाढ झाली की हृदयविकाराच्या गंभीर घटनांचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो. हा आकडा वाचून अनेकजणी घाबरतात, म्हणून तो उलगडून सांगते. समजा, तुमच्या वयाच्या आणि प्रकृतीच्या १०० स्त्रियांपैकी पुढील काही दशकांत दोघींना असा त्रास होणार होता. हृदयाला सरासरी २ ग्रे मात्रा मिळाली तर दोनाचे साधारण २.३ होतील. त्या अभ्यासातील स्त्रियांना १९५८ ते २००१ या काळात उपचार मिळाले होते आणि त्यांच्या हृदयाची सरासरी मात्रा ४.९ ग्रे होती. आज चांगल्या प्लॅनिंगमध्ये ती अनेकदा २ ग्रेच्या आसपास किंवा त्याखाली ठेवता येते.

ती कमी ठेवण्याचा सर्वांत साधा उपाय तुमच्याच श्वासात आहे. खोल श्वास घेतला की श्वासपटल खाली जाते, त्याच्याबरोबर हृदयही खाली आणि मागे सरकते, आणि छातीची भिंत व हृदय यांच्यामध्ये हवेने फुगलेले फुप्फुस येते. श्वास रोखलेला असतो तेवढ्याच वीस-एक सेकंदांत किरण द्यायचे, मग श्वास सोडायचा, विश्रांती घ्यायची, पुन्हा रोखायचा, असे काही वेळा करतात. श्वास ठरलेल्या पातळीवर आहे की नाही हे यंत्रणा पाहत असते, आणि तो सुटला तर किरण थांबवले जातात, म्हणून दम टिकला नाही तर अनर्थ होईल असे समजू नका. घरी आडवे पडून, हात वर घेऊन, छाती भरून श्वास घ्यायचा आणि वीस ते पंचवीस सेकंद शांतपणे धरायचा सराव करा. पोट फुगवून घेतलेला श्वास इथे उपयोगाचा नाही, छाती वर आली पाहिजे. आणि प्लॅनिंगच्या दिवशी डॉक्टरांना सरळ विचारा, ‘माझ्यासाठी श्वास रोखून उपचार करणार का, आणि हृदयाची सरासरी मात्रा किती येते आहे?’ हा प्रश्न कोणत्याही चांगल्या डॉक्टरांना खटकत नाही. धूम्रपान करत असाल तर ते आत्ताच सोडा, कारण किरणोपचारांनंतर हृदयाचा आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा जो थोडा धोका उरतो, तो धूम्रपान करणाऱ्यांच्या बाबतीत थोडा राहत नाही.

आता कातडी. पहिले दहा-बारा दिवस बहुधा काहीच दिसत नाही आणि ‘मला काही होत नाही’ असे वाटू लागते. त्यानंतर कातडी गुलाबी किंवा सावळी होते, खाजते, कोरडी पडून तिचे पापुद्रे निघतात. ज्या ठिकाणी कातडीला कातडी घासते, म्हणजे स्तनाखालची घडी आणि काख, तिथे काहींची साल निघून ओलसर जखम होते. एक गोष्ट आधीच माहीत असावी: हा त्रास उपचाराच्या शेवटच्या दिवशी संपत नाही, उलट त्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत तो सर्वांत जास्त असतो आणि मग तीन-चार आठवड्यांत ओसरतो. हे ठाऊक नसलेल्या स्त्रिया उपचार संपल्यावर आठवड्याने घाबरून धावत येतात.

रोज अंघोळ करा. कोमट पाणी, सौम्य साबण, आणि घासण्याऐवजी मऊ कापडाने टिपून कोरडे करणे. पाणी लावू नका असे पूर्वी सांगत असत, त्याची गरज नाही. बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर पहिल्या दिवसापासून दिवसातून दोनदा लावा, मात्र उपचाराला जाण्याच्या अगदी आधी त्याचा जाड थर नको. कातडी शाबूत आहे तोवर डिओडरंट वापरायला हरकत नाही. त्याने त्रास वाढतो हा समज तपासण्यांमध्ये टिकलेला नाही. गरम पाण्याची पिशवी, बर्फ, काखेत रेझर, त्या भागावर चिकटपट्टी आणि तारेची ब्रा या गोष्टी टाळा. खाज फार असेल तर डॉक्टर स्टिरॉइडचे मलम देतात, आणि ते सांगितल्याप्रमाणे लावायला घाबरू नका. भेगा किंवा ओलसरपणा दिसला की त्याच दिवशी दाखवा.

‘त्याच दिवशी’ हे शब्द मी मुद्दाम वापरते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंनी स्तनाखालची जखम सहा दिवस लपवली. जखम दिसली तर उपचार बंद होतील आणि आजार परत येईल, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी घडीत कापूस भरून ठेवला होता आणि तो जखमेला चिकटून बसला होता. सलाइनने भिजवत भिजवत तो काढायला आम्हाला अर्धा तास लागला आणि त्या पूर्ण वेळ ओठ दाबून पडून होत्या. चूक त्यांची नव्हती. त्या आठवड्यातल्या तपासणीत मी त्यांना समोरून पाहिले होते, स्तन उचलून घडी पाहिली नव्हती. तेव्हापासून प्रत्येक आठवड्याला प्रत्येकीची घडी मी स्वतः पाहते. अशा जखमेवर न चिकटणारी सिलिकॉनची ड्रेसिंग असते, ती लावून उपचार बहुधा चालू ठेवता येतात. तुमच्या आठवड्याच्या तपासणीत कोणी घडी पाहिली नाही, तर तुम्हीच दाखवा.

थकवा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून जाणवतो. नुकतीच केमो झालेली असल्यामुळे तुम्हाला तो थोडा लवकर जाणवेल. झोपूनही तो जात नाही असे बायका सांगतात, आणि ते खरे आहे. यावर आजवर सिद्ध झालेला सर्वांत चांगला उपाय म्हणजे रोज वीस-तीस मिनिटे चालणे. दमलेल्या माणसाला चालायला सांगणे विचित्र वाटते हे मला माहीत आहे, पण पहिल्या आठवड्यापासून चालणाऱ्या माझ्या रुग्ण शेवटच्या आठवड्यात इतरांपेक्षा स्पष्टपणे बऱ्या असतात. बैठे काम असेल तर अनेकजणी उपचारांच्या काळात कामावर जातात. डोक्याचे केस या उपचारांनी गळत नाहीत. केमोने गेलेले केस याच दिवसांत परत येऊ लागतील. काखेतले केस मात्र किरणांच्या वाटेत आले तर गळतात. व्हिटॅमिन सी किंवा ई यांच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या या काळात घेऊ नका, कारण किरणांचे काम काही अंशी ज्या प्रक्रियेने होते तिला त्या अडवू शकतात. गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी असेल तर त्याच्या गोळ्या किरणोपचारांबरोबर किंवा त्यांच्यानंतर सुरू करतात. दोन्ही पद्धती चालतात.

एखादा दिवस चुकला, यंत्र बंद पडले, ताप आला, तर तो दिवस पुढे जोडून घेतात. त्याने सगळे वाया जात नाही. पण ‘बारा झाले, आता पुरे’ असे करून मध्येच सोडू नका, कारण पूर्ण मात्रेच्या हिशेबानेच हे सगळे आकडे आलेले आहेत. गर्भधारणा या काळात अजिबात होता कामा नये. केमोमुळे पाळी थांबली असली तरी काळजी घ्या. पेसमेकर असेल, छातीवर पूर्वी कधी किरणोपचार झाले असतील, किंवा ल्युपस, स्क्लेरोडर्मा यांसारखा आजार असेल तर ते प्लॅनिंगच्या आधीच सांगायचे असते.

नंतरच्या काळात लक्ष ठेवण्यासारख्या काही गोष्टी आहेत. उपचारानंतर एक ते सहा महिन्यांच्या दरम्यान सतत कोरडा खोकला, धाप किंवा कारण न सापडणारा बारीक ताप आला तर तो फुप्फुसाचा दाह असू शकतो. तो थोड्याच जणींना होतो आणि औषधाने बरा होतो, पण साधा सर्दी-खोकला समजून महिनाभर अँटिबायोटिक घेत बसणे योग्य नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांना ‘माझ्या छातीवर किरणोपचार झाले आहेत’ हे आधी सांगा. काखेची शस्त्रक्रिया आणि त्या भागावर किरणोपचार असे दोन्ही झाल्यामुळे हाताला सूज येण्याची शक्यता वाढते. अंगठी किंवा बाही घट्ट वाटणे, हात जड वाटणे ही तिची पहिली खूण असते आणि त्या टप्प्यावर ती आटोक्यात ठेवणे सोपे असते. स्तन थोडा घट्ट आणि लहान होऊ शकतो, त्यात अधूनमधून सणक येते. ही सणक बहुतेक वेळा बरे होणाऱ्या नसांची असते, आजार परतल्याची नव्हे. किरणांमुळे काही वर्षांनी दुसरा कर्करोग होण्याची शक्यता असते, पण ती फार कमी आहे, आणि आज जो धोका तुमच्यासमोर आहे त्याच्या तुलनेत मी तिला फारसे वजन देणार नाही. उपचारानंतरचा पहिला मॅमोग्राम साधारण सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान करतात. त्याआधीची सूज चित्र धूसर करते.

मुलाचा प्रश्न तुम्ही सर्वांत शेवटी, अगदी ओझरता विचारला आहे, पण मला वाटते तुमच्या मनात तोच पहिला असावा. हे किरण यंत्रातून येतात आणि यंत्र बंद होताच संपतात, जसा दिवा मालवल्यावर खोलीत प्रकाश उरत नाही. तुमच्या अंगात, कपड्यांत, घामात काहीही राहत नाही. त्याच दिवशी घरी जाऊन त्याला कुशीत घ्या, रात्री शेजारी झोपवा. तो तीन वर्षांचा आहे म्हणजे वजन बरेच असेल, म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या हाताने त्याला एकदम उचलू नका. खाली बसून उजव्या बाजूने जवळ घ्या, आणि डाव्या हाताची ताकद व्यायामाने हळूहळू वाढवा. तिसऱ्या आठवड्यानंतर कातडी हुळहुळी असताना झोपेत त्याची लाथ लागू नये म्हणून त्याला उजव्या बाजूला झोपवा आणि मध्ये एक मऊ उशी ठेवा.